जुन्या डिझेल गाडीचं ऑइल गळतंय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे क्रमाने बघा

जुन्या डिझेल गाडीखाली काळे डाग पडायला लागले की गॅरेजमध्ये साधारण तीनच वाक्यं ऐकू येतात. "जुनी गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच." किंवा "मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." (म्हणजे क्रँक जिथे गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेर येतो तिथलं ऑइल अडवणारं सील.) आणि फारच पुढचा असेल तर "इंजिन हाफ करून घ्या," म्हणजे इंजिन उघडून रिंगा वगैरे बदला. कधीकधी हे खरंही असतं, पण बऱ्याचदा कोणी खाली वाकून लाइट मारून नीट बघितलेलंच नसतं आणि बघितलं तरी सगळं इंजिन आधीच इतकं चिकट काळं असतं की त्यातून काही कळणं शक्यच नसतं.

डोक्यात एक गोष्ट पक्की ठेवा, थेंब जिथे पडतोय तिथेच लिकेज आहे असं नसतं. स्लॅबच्या लिकेजसारखंच आहे हे, पाणी टपकतं हॉलमध्ये आणि चीर असते वरच्या बाथरूमच्या कोपऱ्यात. ऑइल खाली उतरतं, आणि गाडी चालत असताना वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, आणि स्वस्त, वरच्या गोष्टी आधी तपासायच्या, महाग खालच्या नंतर. बाकी सगळा लेख म्हणजे हेच कसं करायचं ते.

मी इथे १.३ लिटरचं डिझेल इंजिन धरून लिहितोय कारण आपल्याकडे जुन्या डिझेल कार म्हटल्या की निम्म्या वेळा हेच निघतं. मूळ फियाटचं मल्टिजेट, १२४८ सीसी. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, त्यामुळे स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया सगळ्यांच्या बोनेटखाली थोड्याफार फरकाने तेच. २००७ ला स्विफ्ट डिझेल आली तेव्हापासून ते २०२० ला बीएस६ चे प्रदूषणाचे नियम येईपर्यंत मनेसरला आणि आपल्या रांजणगावला ही इंजिनं बनत होती, म्हणजे स्पेअर पार्टची अडचण नाही. इंडिका किंवा बोलेरो असेल तरी पद्धत तीच, जागा थोड्या बदलतील.

या इंजिनाबद्दल एक आधीच सांगतो. यात ऑइल मावतंच साधारण तीन लिटरच्या आसपास, आणि टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. त्यात टर्बोचं बेअरिंगही त्याच ऑइलवर. त्यामुळे एक लिटर कमी झालं तर मोठ्या इंजिनाला जेवढं जाणवेल त्यापेक्षा याला खूप जास्त जाणवतं. "थोडं गळतंय, चालू दे" हे या इंजिनाला परवडत नाही, किमान ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी तरी बघत राहायलाच लागते.

काय काय लागेल

- गाडीचं मॅन्युअल, आणि जमलं तर त्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल, टॉर्कच्या आकड्यांसाठी (कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा ते)
- जुनी सर्व्हिस बिलं, त्यात कधी कुठलं पॅकिंग किंवा सील बदललंय ते बघायला
- हातात धरायची एलईडी लाइट, काडीला लावलेला छोटा आरसा (किंवा मोबाइलचा कॅमेरा, तो आरशापेक्षा बरा पडतो)
- गोटी पान्यांचा सेट, एलन की, टॉर्क पाना
- जॅक आणि दोन स्टँड
- डीग्रीझर किंवा डिझेल, ब्रश, चिंध्या, ब्रेक क्लीनरचा स्प्रे
- पुठ्ठे, मोठे
- साधी टाल्कम पावडर
- नवीन ऑइल अर्धा-एक लिटर, टॉप अप साठी

पान्यांबद्दल एकच, टॉर्क पाना नसेल तर कोणाकडून आणा पण अंदाजाने आवळू नका. कारण खाली येईल.

आणि जॅकवर गाडी उचलून तशीच खाली शिरायचं नाही. कधीच नाही. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळा लावा, हँडब्रेक ओढा, गाडी हलवून बघा आणि मगच खाली जा. सोसायटीच्या उतारावर तर हा उद्योग करूच नका.

१. आधी ते इंजिन ऑइलच आहे का ते बघा

हे ऐकायला बावळट वाटेल पण एसीचं पाणी बघून गॅरेजला धावणारे लोक आहेत. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाका, चाकाच्या जागी पेनाने खूण करा म्हणजे थेंब कुठल्या बाजूला पडला ते नंतर कळतं. सकाळी डाग बघा, बोट लावा, वास घ्या.

काळं आणि बोटाला गुळगुळीत लागतंय तर इंजिन ऑइल. डिझेलमध्ये ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसात काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जाडसर आणि गंधकासारखा उग्र वास येतोय तर ते गिअर ऑइल, मग विषय गिअरबॉक्सच्या किंवा ॲक्सलच्या सीलचा. पातळ, लगेच पसरणारं, डिझेलचा वास, आणि ज्या जागेवरून ओघळतंय ती जागा धुतल्यासारखी स्वच्छ दिसतेय तर ते डिझेलच, बहुतेक इंजेक्टरवरच्या रिटर्न पाइपच्या जोडातून. रंगीत आणि गोडसर वास म्हणजे कुलंट. व्हिस्टा, पुंटोसारख्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगवाल्या गाडीत त्याचंही ऑइल गळू शकतं, बाटलीची लेव्हल बघा.

एक फसवी गोष्ट इंजेक्टरपाशी दिसते. इंजेक्टरच्या बुडाशी काळा डांबरासारखा घट्ट थर जमलेला असतो आणि लोक त्याला ऑइल लिकेज समजतात. तो ऑइलचा नसतो, इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर खराब झालेला असतो आणि कंप्रेशनचा गॅस तिथून वर येऊन जळकं साचत जातं. सोबत इंजिन चालू असताना चस्-चस् असा आवाज येतो. हे वेगळं काम आहे आणि ते लांबवू नका, जितका उशीर तितका इंजेक्टर जागेवरून निघायला त्रास देतो.

२. गळतंय की जळतंय?

सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत बुडवून लेव्हल बघा आणि किलोमीटरसकट मोबाइलमध्ये लिहून ठेवा. हेच काही दिवस करा. लेव्हल झपाट्याने उतरतेय पण खाली एखाद-दुसराच थेंब पडतोय तर ऑइल दुसरीकडे जातंय, सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय का ते मागून कोणाला तरी बघायला सांगा. उलट खाली भरपूर डाग आणि पट्टीवर काही फरक नाही असंही होतं, एका थेंबाचा डाग केवढा मोठा पसरतो ते एकदा पुठ्ठ्यावर थेंब टाकून बघा.

पट्टीवर लेव्हल मॅक्सच्या वर असेल तर तेही वाईट. गॅरेजवाल्याने जास्त भरलंय किंवा डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, पट्टीचा वास घ्या. जास्त ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, ते ब्रीदरमधून (इंजिनातला गॅस बाहेर जायचा रस्ता, त्यावर खाली येईलच) वर जातं, आणि तुम्ही मात्र सीलं बदलत बसता.

डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा हा लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो. तो चालताना लागला तर बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणून चालवायची नाही.

३. धुवा. हे टाळून चालत नाही

सगळ्यात कंटाळवाणी स्टेप ही आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. आपल्याकडे धूळ इतकी की ऑइलवर बसून तिचा जाड थर होतो आणि मग जुनं काय नवीन काय काही कळत नाही.

इंजिन थंड असताना करा. गरम टर्बोवर आणि ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी मारू नका. आधी इंजिनखालची गार्ड असेल ती काढा, कारण तिच्यात ऑइल साचतं आणि मग कुठूनतरी भलतीकडून टपकतं. मग डीग्रीझर किंवा डिझेल ब्रशने लावा (पूर्वी रॉकेल वापरायचे, आता मिळतंय कुठे), दहा मिनिटं ठेवा, घासा, पुसा. सर्व्हिसिंगच्या दुकानातला जोराचा पाण्याचा फवारा थेट अल्टरनेटरवर, फ्यूज बॉक्सवर, इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या सॉकेटवर मारू देऊ नका, प्लास्टिक पिशव्या बांधून घ्या. कॉमन रेल डिझेलमध्ये एका सॉकेटात पाणी गेलं तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग लिकेज राहिलं बाजूला, वायरिंगवाला शोधत फिरा.

शेवटी ब्रेक क्लीनरने जोडांच्या कडा कोरड्या करा आणि डिझेल वापरलं असेल तर ते सगळं सुकू द्या, तसंच स्टार्ट करू नका, टर्बोजवळ आग लागायला तेवढं पुरतं.

४. आता शोधा

कोरड्या इंजिनावर, जिथे संशय आहे तिथे जोडाखाली टाल्कम पावडर हलकी उडवा. एअर फिल्टरच्या तोंडापाशी आणि फॅन बेल्टवर नको. स्टार्ट करून दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालवा आणि लाइट मारून बघा, मोठं लिकेज असेल तर इथेच पावडरवर काळी रेघ उतरताना दिसेल. नाही दिसली तर वीसेक किलोमीटर चालवून या, थोडा हायवे, थोडा घाट असेल तर उत्तम, कारण बरीच लिकेजं इंजिन पूर्ण तापल्यावर आणि लोडवरच चालू होतात. आल्या आल्या फोटो काढा, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. परत शंभरेक किलोमीटरनंतर त्याच अँगलने फोटो. दोन फोटो शेजारी ठेवले की बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

अगदीच सापडत नसेल तर ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय मिळतो, तो टाकून गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघायचं, लिकेजची जागा पिवळी-हिरवी चमकते. फक्त इंजिन ऑइलसाठीचाच डाय घ्या, एसीचा घेऊ नका.

५. कुठलंही सील विकत घ्यायच्या आधी ब्रीदर

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठतं तो भाग) येतच असतो, प्रत्येक इंजिनात. तो बाहेर जायला ब्रीदरचा रस्ता असतो, वरच्या कव्हरमधून पाइपने टर्बोच्या आधीच्या एअर पाइपमध्ये. तो पाइप किंवा त्यातला ऑइल वेगळं करणारा भाग काळ्या गाळाने चोंदला की प्रेशर आतच राहतं आणि जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतं. मग आज क्रँक सील बदललं की उद्या टायमिंग कव्हर, परवा चेंबर. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओलं दिसायला लागलं तर सीलांनी ठरवून संप केलेला नसतो, ब्रीदर बघा.

तपासायची पद्धत: इंजिन गरम, जागेवर चालू, ऑइल भरायचं झाकण फिरवून सैल करा आणि तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं, हलका धूर आला तर चालतं. झाकण उडायला लागलं किंवा धूर जोराने फुसफुसत येतोय तर प्रेशर जास्त आहे. ब्रीदरचा पाइप काढून साफ करा, कडक झालेला किंवा आत फुगलेला असेल तर बदला, एअर फिल्टरही बघा, आणि परत तपासा. साफ करूनही तसंच असेल तर मात्र रिंगा झिजल्यात का हे बघायला कंप्रेशन टेस्ट करावी लागेल, आणि "इंजिन हाफ" हे वाक्य खरं ठरायची शक्यता तिथे सुरू होते, त्याआधी नाही.

ब्रीदर आणि टर्बो सोडून देऊ नये याचं अजून एक कारण आहे. इनटेकमध्ये खूप ऑइल गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं, रेस आपोआप चढत जाते आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही कारण डिझेल बंद केलं तरी त्याला जळायला ऑइल मिळतंय. असं झालं तर घाबरून बोनेट उघडून त्याच्यावर वाकू नका. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून, हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. क्वचित होतं पण माहीत असावं.

६. वरून खाली, एकेक जागा

*ऑइल भरायचं झाकण.* त्याची रबर रिंग कडक झाली की वरच्या कव्हरवर ऑइल पसरतं. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

*व्हॅक्यूम पंप.* या इंजिनात माझा पहिला संशय कायम यावर. डिझेलला ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम लागतो, तो देणारा पंप हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला कॅमशाफ्टवर चालतो. ब्रेक बूस्टरपासून निघालेला पाइप हाताने धरत धरत इंजिनापर्यंत गेलात की तो सापडतोच. त्याचं पॅकिंग किंवा रिंग तापून तापून चपटी होते आणि ऑइल बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर उतरतं. खालून बघणाऱ्याला ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून टपकताना दिसतं आणि तो म्हणतो मागचं क्रँक सील गेलं. एक छोटी रिंग आणि काही बोल्टचं काम, आणि त्याच्यासाठी आख्खा गिअरबॉक्स खाली येतो, क्लच प्लेटही "आता उघडलंच आहे तर" म्हणून बदलली जाते आणि लिकेज तसंच राहतं. म्हणून गिअरबॉक्स उतरवा म्हटलं की आधी बॅटरीच्या बाजूने वरून लाइट मारून पंपाखालची जागा कोरडी आहे का ते स्वतः बघा.

बदलताना पंपाचा ड्राइव्ह कॅमशाफ्टच्या खाचेत नीट बसतोय का बघायचं, नाही बसला तर बोल्ट आवळून जबरदस्तीने बसवू नका, तुटतं. दोन्ही पृष्ठभाग साफ, रिंग नवीन. बसवल्यावर गाडी रस्त्यावर काढायच्या आधी ब्रेकची परीक्षा: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल, ते दाबून धरा आणि स्टार्ट करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूम येत नाही, गाडी हलवू नका.

*फिल्टर हाउसिंग.* यात कागदी फिल्टर हाउसिंगच्या आत बसतो आणि झाकणाला ओ रिंग असते. ती फिल्टरसोबत येते पण काहीजण जुनीच ठेवतात. इंडिकासारख्या फिरवून बसवायच्या डब्याच्या फिल्टरमध्ये उलटं होतं, जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवीन बसते, मग काही किलोमीटरमध्ये सगळं ऑइल रस्त्यावर. सर्व्हिसिंगनंतर लगेच लिकेज सुरू झालं असेल तर पहिलं इथे आणि दुसरं ड्रेन बोल्टला बघा.

*ऑइल कूलर.* फिल्टर हाउसिंगला लागूनच असतो, त्यातून ऑइल आणि कुलंट दोन्ही जातं. बाहेरचं पॅकिंग गेलं तर बाहेर गळतं, आतून गेलं तर कुलंटच्या बाटलीत चॉकलेटी थर दिसतो. आतून गेला असेल तर गाडी चालवायची थांबवा. तसाच थर हेड गॅस्केट गेल्यावरही दिसू शकतो, त्यामुळे कूलर काढून प्रेशर टेस्ट करून घ्या, थेट हेड उघडायला होकार देऊ नका.

*प्रेशर स्विच.* छोटा असतो, लोक विसरतात. सॉकेट काढा, आत ऑइल असेल तर स्विच मधूनच गळतोय. बदलायचा, साफ करून उपयोग नाही.

*टर्बो आणि इंटरकूलरचे पाइप.* इंटरकूलरच्या पाइपात आतून ऑइलचा पातळ थर असणं नॉर्मल आहे, ब्रीदरमधून तेवढं येतंच. रबरी पाइपच्या जोडापाशी बाहेर ओलं असेल तर बहुतेक क्लँप सैल आहे किंवा जोडाची रिंग गेलीय. पाइप काढल्यावर ऑइल ओघळून सांडलं तर मात्र टर्बो बघा. इंजिन बंद आणि थंड असताना शाफ्ट बोटाने हलवून बघायचा, बाजूला किंचित हलला तर चालतो, आत-बाहेर हलता कामा नये, पाती कडेला घासल्याच्या खुणा नकोत. टर्बोला ऑइल देणाऱ्या बारीक पाइपचे तांब्याचे वॉशर आणि ऑइल परत खाली नेणारा पाइप हेही बघा. तो परतीचा पाइप दबला किंवा चोंदला की चांगला टर्बोसुद्धा ऑइल टाकतो, आणि नवीन टर्बो घालूनही तेच होतं.

*टायमिंग कव्हर आणि पुढचं क्रँक सील.* चेनच्या बाजूचं मोठं कव्हर, सीलंट लावून बसवलेलं. कव्हरच्या कडेने ओघळ येतोय की पुलीच्या मागून गोल फेकलं जातंय ते वेगळं ओळखा. पुलीच्या मागे चाकाच्या बाजूला गोलाकार शिंतोडे असतील तर सील. हे दोन्ही घरी करायचं काम नाही, बाजूचं माउंटिंग काढताना इंजिन खालून धरावं लागतं, आणि पुलीचा बोल्ट सोडवताना टायमिंग हललं तर व्हॉल्व्ह वाकतात. कव्हर उघडणारच असाल तर चेन, टेन्शनर आणि गाइड त्याच वेळी बदलून घ्या, नंतर तीच मजुरी परत द्यावी लागेल.

*चेंबर आणि ड्रेन बोल्ट.* आपले स्पीडब्रेकर बघता चेंबरला खालून मार बसलेला असणं नेहमीचं. ठोका असेल तर नुसतं सीलंट लावून भागणार नाही, कडा सरळ आहे का बघा. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवीन. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून दिवस ढकलू नका, हेलिकॉइल (नवीन आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची गुंडाळी) टाकून घ्या किंवा चेंबर बदला.

*मागचं क्रँक सील.* वरचं सगळं कोरडं आहे, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाच्या बुडातून इंजिन ऑइलच येतंय, तेव्हाच याचं नाव घ्यायचं. क्लच घसरतोय का तेही बघा, प्लेटला ऑइल लागलं की गाडी रेस होते पण पळत नाही.

७. बसवताना

सील विकत घेताना त्या इंजिनातल्या सीलचा पार्ट नंबर घेऊन जा, मॉडेलचं नाव पुरत नाही कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक बदल झालेत. मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ इथे सगळं मिळतं, पण सील आणि रिंग या गोष्टीत डुप्लिकेट घेऊन पैसे वाचवू नका, पार्ट स्वस्त असतो आणि मजुरी महाग.

सीलंट लावायची खरी पद्धत सांगतो कारण निम्मी परत आलेली कामं इथे बिघडलेली असतात. जुनं सीलंट पूर्ण काढायचं, प्लास्टिकच्या पात्याने, ॲल्युमिनियमवर ब्लेड किंवा पॉलिश पेपर घासू नका. ब्रेक क्लीनरने पुसा, ऑइलचा अंशसुद्धा राहिला तर धरत नाही. मग दोन-तीन मिलिमीटरची एकसलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं म्हणजे जास्त टिकेल असं नाही, जास्तीचं आत पिळून निघतं, तुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं, मग प्रेशर जातं आणि हजारांचं लिकेज लाखाचं होतं. टर्बोच्या ऑइल पाइपला तर सीलंट अजिबात लावायचं नाही, तिथे पॅकिंग आणि वॉशरच. ट्यूबवर जेवढा वेळ सुकू द्यायला लिहिलाय तेवढा द्या, "अर्ध्या तासात चालू करू" म्हणणाऱ्याला गाडी उद्या देतो म्हणा.

बोल्ट आडवे-तिडवे, थोडेथोडे करत आवळा. एम६ बोल्ट साधारण दहा न्यूटन मीटरच्या आसपास असतात, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. हे हाताला फारच कमी वाटतं आणि म्हणूनच माणूस अजून एक झटका देतो, कव्हर वाकतं किंवा ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. लिकेज थांबत नाही म्हणून अजून आवळणं हा तर हमखास नुकसानीचा रस्ता.

८. गिअरबॉक्स खरंच उतरवायला लागला तर

मग एकदाच सगळं करा: मागचं सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. उतरवल्या उतरवल्या पुसायच्या आधीचा फोटो गॅरेजवाल्याकडून मागून घ्या, त्यात ऑइल सीलमधून आलंय की वरून ओघळलंय ते स्पष्ट दिसतं. सील बसवताना काही टेफ्लॉन ओठाची सीलं कोरडीच बसवायची असतात, काहींना ऑइल लावायचं असतं, सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं तसंच करा. आणि ब्रीदर साफ केल्याशिवाय हे काम करूच नका, ते मी वर सांगितलंच आहे.

९. हे करू नका

लिकेज थांबवणारं औषध म्हणून बाटल्या मिळतात. ती रबर थोडं फुगवतात, नुकतंच पाझरायला लागलेलं सील काही महिने काढेलही, पण फाटलेल्या रिंगला किंवा सीलंटच्या जोडाला काही होत नाही.

जाड ऑइल टाकलं की गळायचं थांबेल, हाही सल्ला मिळेल. २०डब्ल्यू५० या इंजिनात टाकलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर चेनच्या टेन्शनरला आणि टर्बोला ऑइल पोचायला उशीर लागतो. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच.

बाहेरून एम-सील थापणं म्हणजे पुढच्या माणसाला शिव्या द्यायला लावणं.

काढलेलं ऑइल गटारात नाही. डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडे जुन्या ऑइलचं पिंप असतं.

१०. झाल्यावर

काम झाल्यावर परत धुवा, नाहीतर आधीचंच उरलेलं ऑइल टपकत राहतं आणि तुम्हाला वाटतं काम फसलं. खालची गार्ड लगेच लावू नका, थोडे दिवस तशीच चालवा, वीस किलोमीटर, शंभर, पाचशे असं बघत जा, पुठ्ठा टाकत राहा. पट्टी पहिल्या आठवड्यात रोज.

गाडीला पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करायला फॉर्म २५, पीयूसी, इन्शुरन्स, पर्यावरण कर वगैरे घेऊन आरटीओला गाडी दाखवायला न्यावी लागते. हे काम त्याच्या महिनाभर आधी उरका, आदल्या दिवशी इंजिन धुवून नेलं तरी तिथे रांगेत उभं असताना टपकायचं ते टपकतंच.